‘चॉकलेटी’ ही चूक धरायची का? स्ट्रूप प्रयोगाच्या तीन फाइली आणि एक शब्दसूची

मॅडमनी विचारलं, "तीन फाइली एकत्र करायला किती दिवस लागतील गं?" मी म्हणाले, "दोन." तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडत होता. फाइली एकत्र झाल्या, म्हणजे जेवढ्या होऊ शकत होत्या तेवढ्या झाल्या, तेव्हा विभागात दिवाळीच्या सुट्टीची नोटीस लागली होती.

मी मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत स्ट्रूपचा प्रयोग वर्षानुवर्षं चालत आलाय. बी.ए.च्या प्रॅक्टिकलला तो असतोच, एम.ए.च्या प्रकल्पासाठीही झाला, आणि लॉकडाउनमध्ये मुलांनी घरी बसून मोबाइलवर केला. विभागप्रमुख मॅडमचं म्हणणं असं, की मराठी शब्द वापरून गोळा केलेला एवढा डेटा कपाटात आणि पेनड्राइव्हवर पडून आहे. तो एकत्र केला तर मराठी माध्यमातून आलेली मुलं आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं यांची तुलना करता येईल. कल्पना चांगली होती. (सेमी-इंग्रजीवाल्यांना कुठल्या खान्यात टाकायचं हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही. तो वेगळाच गुंता आहे, इथे नको.)

प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये हे मोजून छापलं. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी 63.3 सेकंद लागले. तेच रंग भलत्याच रंगनामांच्या शाईत आले तेव्हा 110.3 सेकंद लागले, म्हणजे जवळजवळ पाऊणपट वाढ. इतका ठसठशीत परिणाम मानसशास्त्रात क्वचित मिळतो, म्हणून तर तो मुलांच्या प्रत्येक प्रॅक्टिकल जर्नलमध्ये असतो. मला वाटलं, प्रयोग एकच, परिणाम एकच, तर फाइली जोडायला असा किती वेळ लागणार?

पहिली फाइल कार्डांची. लॅमिनेट केलेली कार्डं, स्टॉपवॉच, आणि वहीवरून एक्सेलमध्ये उतरवलेले आकडे. दुसरी संगणकाची: सायकोपाय या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला प्रयोग, प्रत्येक ट्रायलची, म्हणजे एका शब्दाची आणि त्याच्या उत्तराची, एक ओळ. तिसरी मोबाइलची: वेबपेजवर शब्द दिसायचा, खाली चार बटणं. तिन्ही फाइलींत ‘उद्दीपक’ (ढोबळमानाने, समोर जे दाखवलं ते), ‘प्रतिसाद’, ‘वेळ’ आणि ‘चूक’ या नावांचे रकाने होते. निदान अर्थ तरी तेच वाटले. एका ठिकाणी ‘प्रतिक्रिया’ होतं, एका ठिकाणी ‘उत्तर’. मी सगळ्यांची नावं बदलून एकसारखी केली आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी खूश होऊन घरी गेले. आता मागे वळून बघताना हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. नावं एकसारखी केल्यामुळे फरक दिसेनासे झाले, एवढंच.

मामा आणि स्टॉपवॉच

शंका पहिल्यांदा आली ती कार्डांच्या फाइलीतल्या वेळांवरून. त्या वेळा सबंध कार्डाच्या होत्या, सुट्या शब्दाच्या नाहीत, हे उघडच होतं. मी विचार केला, कार्डावरच्या शब्दांच्या संख्येने भागलं की झालं. मग लक्षात आलं, की कार्डावर ‘उद्दीपक’ किती आहेत हे आधी ठरवायला हवं. कार्ड हा एक उद्दीपक की त्यावरचे सगळे शब्द वेगवेगळे? वाचणारा एका शब्दाचा रंग सांगत असतो तेव्हा त्याची नजर पुढच्या शब्दावर पोचलेली असते. संगणकावर एक शब्द जातो, मग अधिकचं चिन्ह येतं, मग पुढचा शब्द. तिथे पुढचं आधी बघण्याची सोय नाही. भागाकार करून आलेला आकडा दिसायला प्रतिक्रियाकालासारखा (शब्द दिसल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळेसारखा), पण तो प्रतिक्रियाकाल नव्हे.

त्यात आमच्या प्रयोगशाळेतले मामा. खूप वर्षं तिथेच आहेत, स्टॉपवॉचचे सेल तेच बदलतात. मी सहज विचारलं, "मामा, जुन्या प्रॅक्टिकलला घड्याळ कधी सुरू करायचे?" मामा म्हणाले, "मॅडम कार्ड पालथं ठेवायच्या टेबलावर. ‘सुरू’ म्हणायच्या आणि घड्याळ दाबायच्या. मग मुलगा कार्ड उलटायचा." म्हणजे कार्ड उलटायचा वेळही आत धरलेला. लॅमिनेट केलेलं कार्ड गुळगुळीत टेबलावरून नखाने उचलायला किती वेळ लागतो, हे ज्याने लोकलचा पास खिडकीच्या फटीतून उचललाय त्याला सांगायला नको. आणि ‘सुरू’ हा शब्द कोणत्या रकान्यात होता? कुठल्याच नाही. पण मुलाच्या दृष्टीने पहिलं उद्दीपक तेच होतं, त्यावरच त्याने हात हलवला.

या ठिकाणी मी एक्सेल बंद केलं आणि वही उघडली.

उद्दीपक कशाला म्हणायचं

मराठीत आपण बोलताना ‘स्टिम्युलस’ म्हणतो आणि लिहिताना ‘उद्दीपक’. परिभाषेच्या कोशाचं काम पर्यायी शब्द देणं हे आहे आणि ते तो करतो. पण तो शब्द नेमका कशापाशी सुरू होतो आणि कशापाशी संपतो, हे प्रयोग करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. घोळ फक्त आमचा नाही, याचं थोडं समाधान आहे. जेम्स गिब्सन यांनी 1960 मध्ये या एका शब्दावर अख्खा लेख लिहिला आणि मानसशास्त्रज्ञ तो किती वेगवेगळ्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या अर्थांनी वापरतात ते दाखवून दिलं. बाहेर जगात असलेली वस्तू म्हणजे उद्दीपक, की डोळ्याच्या पडद्यावर पोचलेला प्रकाश? तो बदल घडवतो म्हणून उद्दीपक, की बदल घडला नाही तरी उद्दीपकच?

आमच्या फाइलींत हा प्रश्न इतका तात्त्विक नव्हता. संगणकाच्या फाइलीत ‘उद्दीपक’ रकान्यात ‘लाल’ लिहिलं असेल तर तो छापलेला शब्द होता. मोबाइलच्या फाइलीत ‘लाल’ लिहिलं असेल तर तो शाईचा रंग होता. बनवणाऱ्या मुलीचं तर्कशास्त्र असं: ज्याला उत्तर द्यायचं तेच उद्दीपक, शब्द तर नुसता अडथळा. तिचं चूक म्हणता येत नाही. पण दोन रकाने एकमेकांखाली चिकटवले की अर्ध्या ओळी उलट्या होतात, आणि फाइल तक्रारही करत नाही.

यावर उपाय शोधताना मला अमेरिकेतल्या जेसिका टर्नर आणि अँजेला लेअर्ड यांनी 2012 मध्ये मांडलेली कॉगपीओ ही रचना उपयोगी पडली. मेंदूप्रतिमांच्या प्रयोगांची वर्णनं ब्रेनमॅप नावाच्या संग्रहात वर्षानुवर्षं साठवली जात होती. त्या अनुभवातून त्यांनी प्रयोगाचे तीन धागे वेगळे केले: काय दाखवलं किंवा ऐकवलं, काय करायला सांगितलं, आणि सहभागी व्यक्तीने काय केलं. त्यातला मला सगळ्यात पटलेला भाग असा, की उद्दीपक असणं ही वस्तूची जात नाही, भूमिका आहे. शब्द शब्दच असतो. या प्रयोगात तो कोणती भूमिका करतोय ते वेगळं लिहायचं. म्हणजे आमच्या प्रत्येक ओळीत ‘लाल’ दोनदा लागणार होता: ‘दाखवलेला शब्द’ हा एक रकाना, ‘दाखवलेला रंग’ हा दुसरा, आणि ‘कशाला उत्तर द्यायचं’ हा तिसरा. नुसतं ‘उद्दीपक’ हे नाव रकान्याला द्यायचंच नाही, असं मी ठरवलं. मॅडमना ते विचित्र वाटलं. "उद्दीपक नावाचा रकानाच नाही म्हणजे काय? परीक्षकांना काय सांगशील?" पण पुढच्या भांडणात हाच नियम आमच्या कामी आला.

वर्णन करायला लागल्यावर बाकीच्या गोष्टी बाहेर पडायला लागल्या. ‘निळा’, ‘हिरवा’, ‘पिवळा’ या तिन्ही शब्दांत कागदावर सर्वांत आधी येते ती पहिली वेलांटी, जी उच्चारात व्यंजनानंतर येते. ‘लाल’ मात्र सरळ. शिवाय ‘लाल’ आणि ‘निळा’ दोन अक्षरी, बाकीचे दोन तीन अक्षरी. म्हणजे चार शब्दांत ‘लाल’ दिसायला एकटा पडतो, अर्थाचा काही संबंध नसताना. आणखी गंमत मोबाइलवर होती. प्रत्येकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट होता तो वापरला गेला, आणि पुष्कळ फोनवर ‘ल’ हिंदी वळणाचा दिसतो. मराठी शाळेत गेलेल्या मुलाला तो वाचता येतो, नक्कीच. पण त्याच्या पाटीवरचा तो नव्हे. माध्यमानुसार तुलना करायला निघालेल्या माणसाने हे नोंदवलं नाही तर काय उपयोग?

‘तटस्थ’ (म्हणजे तुलनेसाठी ठेवलेलं, रंगाचं नाव नसलेलं) हा शब्द तर तिन्ही फाइलींत तीन गोष्टींना वापरला होता. कार्डांत रंगीत चौकोन, संगणकात इंग्रजी एक्स या अक्षराची रांग, मोबाइलमध्ये ‘घर’, ‘दार’, ‘पान’, ‘खुर्ची’ असे साधे शब्द. चौकोन वाचता येत नाही, एक्सची रांग म्हटलं तर अक्षरं, आणि ‘घर’ तर पूर्ण वाचलं जातं. जॉर्ज क्लाइन यांनी 1964 मध्येच दाखवलं होतं, की अर्थहीन अक्षरांपासून रंगाशी नातं असलेल्या शब्दांपर्यंत आणि तिथून खुद्द रंगनामांपर्यंत अडथळा पायरीपायरीने वाढत जातो. या पायऱ्या एकाच नावाखाली घातल्या तर ‘तटस्थाच्या तुलनेत किती वेळ जास्त’ या आकड्याला अर्थ उरत नाही. आणि ‘पान’ तटस्थ? पान म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काय रंग येतो? ‘पान’ लाल शाईत दाखवलं तर तो विसंगत शब्दच होतो (अर्थ एका रंगाचा, शाई दुसऱ्या), थोडा सौम्य. (मामांच्या मते पान लालच असतं, कारण त्यांच्या डोक्यात विड्याचं पान होतं. तेही बरोबर.)

प्रतिसाद

आता सगळ्यात मोठा भाग. संगणकाच्या फाइलीत ‘प्रतिसाद वेळ’ नावाचा एकच रकाना होता. आकडे सेकंदांत होते, सगळं व्यवस्थित. पण त्या फाइलीशेजारच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या फाइली सापडल्या, आणि त्या फक्त सुरुवातीच्या सहभागींच्याच होत्या. हळूहळू उलगडा झाला. एम.ए.च्या ज्या मुलीचा तो प्रकल्प होता तिने सुरुवात मायक्रोफोनने केली होती: रंग मोठ्याने सांगायचा, आवाज आला की वेळ थांबते. आमची प्रयोगशाळा रस्त्याकडेला. हॉर्न वाजला की वेळ थांबायची. शेवटी तिने मायक्रोफोन काढून कीबोर्डच्या चार कळांवर रंगीत स्टिकर लावले आणि प्रयोग पुढे चालू ठेवला. रकान्याचं नाव तेच ठेवलं. तिचंही म्हणणं खरं होतं: "ताई, प्रतिसाद तर दोन्हीकडे आहेच ना!"

आहेच. पण बोलून दिलेल्या उत्तरांत स्ट्रूपचा अडथळा कळ दाबून दिलेल्या उत्तरांपेक्षा साधारणपणे मोठा निघतो. कॉलिन मॅकलाउड यांच्या 1991 च्या प्रसिद्ध आढाव्यातही ते आहे. म्हणजे एकाच रकान्यात दोन प्रयोग होते आणि शिवण कुठे आहे हे फक्त त्या आवाजाच्या फाइलींवरून कळत होतं.

मग मी त्या फाइली ऐकायला बसले. खरं शिक्षण तिथे झालं. आवाजाने ठरावीक उंबरठा ओलांडला की मायक्रोफोन घड्याळ थांबवतो. ‘हिरवा’मधला ‘ह’ नुसता श्वासाचा. यंत्राला तो ऐकूच येत नाही, पुढचा स्वर आला की मग ते जागं होतं. ‘पिवळा’तला ‘प’ ओठ उघडताच फुटतो. म्हणजे मुलीने दोन्ही शब्द बोलायला एकाच क्षणी सुरुवात केली तरी घड्याळात फरक पडणार. सगळे रंग सगळ्या परिस्थितींत सारख्या वेळा आले असतील तर हा फरक वजाबाकीत निघून जातो, हे खरं. पण कुणी रंगानुसार वेळांची तुलना केली तर त्याला मनाऐवजी मायक्रोफोनबद्दल काहीतरी कळेल.

आणि मग हे प्रतिसाद. शाई लाल, मुलगा म्हणतो, "हि... लाल." घड्याळ ‘हि’ला थांबलं. प्रतिसाद कोणता? पहिला आवाज की शेवटचा शब्द? जुन्या फाइलीत काही ठिकाणी हा ‘बरोबर’ होता, काही ठिकाणी ‘चूक’. त्या त्या दिवशी नोंद करायला जो बसला असेल त्याच्या मनावर. दुसरी मुलगी सगळीकडे "निळं, पिवळं, हिरवं" म्हणत होती, कारण तिच्या डोक्यात ‘अक्षर’ होतं. एक जण "निळी" म्हणत होता, बहुधा शाई. ‘लाल’ला लिंगाचा त्रास नाही, तो सगळ्यांना चालतो. मुंबईतच ऐकायला मिळेल असाही एक प्रकार होता: घाईत "ग्रीन" निघून जातं, किंवा "नीला". रंग ओळखला बरोबर. भाषा दुसरी.

कार्डांच्या वहीत तर ‘चॉकलेटी’ होता. ती कार्डं स्ट्रूप यांच्या मूळ पाच रंगांवर बेतलेली: लाल, निळा, हिरवा, तपकिरी, जांभळा. पण आमच्या मुलांपैकी ‘तपकिरी’ रोजच्या बोलण्यात कोण वापरतं? चॉकलेटी म्हणतात. एका वर्षीच्या नोंदीत ‘चॉकलेटी’समोर फुली, दुसऱ्या वर्षी काहीच खूण नाही. जिथे फुली होती तिथे मराठी माध्यमाच्या मुलांच्या ‘चुका’ वाढलेल्या दिसत होत्या. हा आकडा घेऊन कुणी मराठी माध्यमाबद्दल लेख लिहिला असता तर!

मोबाइलचा प्रतिसाद निराळाच. आधीच्या कीबोर्डवर कळ खाली गेली की नोंद होते. वेबपेजवर ‘क्लिक’ नोंदवला असेल तर टच स्क्रीनवर तो बोट उचलल्यावर लागतो. एकाचा प्रतिसाद बोट टेकताना सुरू होतो, दुसऱ्याचा बोट सुटताना. शिवाय पडदा: सेकंदाला साठ वेळा ताजा होणारा पडदा साधारण 16.7 मिलिसेकंदांच्या पावलांनीच चालतो, त्यामुळे शब्द ‘दाखव’ असं सांगितल्याचा क्षण आणि दिसल्याचा क्षण एक नसतो. असे उशीर त्या फोनवर सगळ्या ट्रायल्सना साधारण सारखे लागतात, म्हणून विसंगत वजा संगत (शब्द आणि शाई एकाच रंगाची) हा फरक टिकतो. पण मूळ आकडे संगणकाच्या आकड्यांशेजारी ठेवायचे नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं. पण मोबाइलच्या बटणांवर शब्द लिहिलेले होते: लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळ्या अक्षरांत. कीबोर्डवर रंगाचे स्टिकर होते. हे मला बरेच दिवस किरकोळ वाटलं होतं. मग ध्यानात आलं, की शब्दाच्या बटणांवर रंग आधी शब्दात बदलावा लागतो, तर वरचा नको असलेला शब्द खालच्या बटणाशी थेट जुळतो. रंगाच्या स्टिकरवर नेमकं उलट: शाई आणि स्टिकर थेट जुळतात, शब्दाला मध्ये यायला फारशी जागाच नाही. फ्रँक डर्गिन यांनी 2000 मध्ये सहभागींना शब्दाच्या अर्थाशी जुळणाऱ्या रंगाच्या ठिपक्याकडे निर्देश करायला लावला, तेव्हा उलटा स्ट्रूप मिळाला: शाई शब्दाला आडवी आली. म्हणजे बटण हे प्रतिसादाचं साधन आहेच, पण ते डोळ्यांसमोर असतं, वाचलं जातं, म्हणून ते उद्दीपकही आहे. ‘उद्दीपक’ नावाचा एकच रकाना ठेवला असता तर बटणांना कुठे बसवलं असतं?

आमची सूची

शब्दसूची आम्ही तिघींनी मिळून केली: मॅडम, मी, आणि ती एम.ए.ची मुलगी, जी आता दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि शनिवारी दादरला उतरून यायची. नियम एकच ठेवला: प्रत्येक शब्दाच्या व्याख्येत कोण, काय, कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत आणि काय धरायचं नाही, एवढं आलंच पाहिजे. पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1927 मध्ये मांडलेला कृतीवरून व्याख्या करण्याचा आग्रह मानसशास्त्रात आला तो यासाठीच, असं मॅडम आम्हाला एम.ए.ला शिकवायच्या. आम्ही तो पेपरात लिहायचो आणि प्रयोगशाळेत विसरायचो.

‘प्रतिसाद’ आणि ‘प्रतिक्रिया’ या दोन शब्दांवर वाद झाला. मराठी पाठ्यपुस्तकांत दोन्ही दिसतात, बऱ्याचदा एकमेकांच्या जागी. आम्ही कामं वाटून दिली. सहभागीने जे केलं तो ‘प्रतिसाद’. ‘प्रतिक्रिया’ फक्त ‘प्रतिक्रियाकाल’ या जोडशब्दात, कारण तो रुळलाय आणि डच संशोधक डॉन्डर्स यांच्या 1868 च्या कामापासूनची परंपरा त्यामागे आहे. सूचीतली नोंद अशी: ‘प्रतिक्रियाकाल: शब्द पडद्यावर दिसल्यापासून प्रतिसादाची पहिली नोंदलेली हालचाल होईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत. पहिली हालचाल कोणती (कळ खाली जाणं, बोट उचलणं, आवाजाचा आरंभ) ते वेगळ्या रकान्यात.’ सबंध कार्डाच्या वेळेला ‘कार्डकाल’ असं वेगळंच नाव दिलं, म्हणजे कुणी भागाकाराच्या मोहात पडणार नाही.

‘चूक’ हा शब्द आम्ही हद्दपार केला. त्याऐवजी चार शब्द: ‘बरोबर’, ‘चुकीचा’, ‘आला नाही’, ‘अमान्य’. अमान्य म्हणजे हॉर्न, खोकला, चौघांपैकी नसलेली कळ. ‘आला नाही’ याचं महत्त्व एका उदाहरणाने पटवावं लागलं. समजा पाच ट्रायल्स आहेत. चार वेळा 600, 620, 640, 660 मिलिसेकंद आणि पाचव्यांदा उत्तरच नाही. मोबाइलच्या फाइलीत तिथे शून्य लिहिलं होतं. शून्यासकट सरासरी 504, ते वगळून 630. आणि उत्तरं निसटतात ती जास्त करून अवघड, विसंगत ट्रायल्समध्येच. म्हणजे शून्यांमुळे अवघड काम सोपं दिसतं आणि जो परिणाम बघायला प्रयोग केला तोच पुसला जातो. मेंदूप्रतिमांच्या डेटासाठी 2016 पासून रुळलेल्या बिड्स या मांडणीत हे आधीच ठरलेलं आहे: प्रतिसाद आला नाही तर वेळेच्या रकान्यात शून्य नाही, ‘लागू नाही’. आम्ही ते तसंच उचललं. एकक मात्र आमचं ठेवलं. त्यांचं सगळं सेकंदांत असतं, आमच्या मुलांना मिलिसेकंदांची सवय.

‘संगत’ आणि ‘विसंगत’ हे शब्द लिहूनच टाकायचे, 1 आणि 0 नाही. दोन फाइलींत 1 चा अर्थ उलटा होता, याउपर काही सांगायला नको. दोन शब्दांमधल्या वेळेला आम्ही दोन नावं दिली, एका शब्दाच्या आरंभापासून पुढच्याच्या आरंभापर्यंत ‘आरंभांतर’ आणि एक गेल्यापासून पुढचा येईपर्यंत ‘रिकामा वेळ’. जुन्या प्रकल्पात नुसतं ‘गॅप एक सेकंद’ लिहिलं होतं, आणि शब्द उत्तर येईपर्यंत पडद्यावर राहत होता, म्हणजे हळू मुलांचं आरंभांतर आपोआप मोठं. तो तपशील आता कोणत्याही रकान्यातून परत मिळणार नाही.

‘चॉकलेटी’साठी वेगळा रस्ता काढला. ‘उच्चारलेलं’ हा रकाना: जसं ऐकलं तसं, देवनागरीत. आणि ‘ओळखलेला रंग’: तो शब्द ज्या रंगासाठी वापरला जातो तो. ‘चॉकलेटी’ तपकिरीच. ‘निळं’, ‘निळी’ निळाच. बरोबर की चुकीचं हे दुसऱ्या रकान्यावरून, आणि पहिला रकाना कुणालाही पुन्हा तपासता येतो. "हि... लाल"साठी ‘दुरुस्ती’ असा पाचवा शेरा वाढवावा लागला, वेळ पहिल्या आवाजाची, पण ती सरासरीत घ्यायची नाही.

सूची चालते का हे बघायला दोघींनी एकाच फोल्डरमधल्या आवाजाच्या फाइली एकमेकींना न विचारता नोंदवल्या, मी आणि ती. जेकब कोहेन यांचा 1960 चा कप्पा हा गुणांक काढून योगायोगाने जुळलेलं वजा केलं. ‘बरोबर’ आणि ‘चुकीचा’ यांत अडचण आली नाही. भांडण झालं ते ‘दुरुस्ती’वर. तिच्या मते "हं... लाल" मधला ‘हं’ ही दुरुस्ती, माझ्या मते नुसता श्वास. दोन शनिवार त्यात गेले. शेवटी ‘जिथे दुसऱ्या रंगाच्या नावाचं निदान पहिलं अक्षर ऐकू येतं ती दुरुस्ती, बाकी अमान्य’ असं लिहिलं. "ग्रीन"चं मात्र अजून ठरलेलं नाही. सूचीत तिथे दोन मतं तारखेसकट लिहून ठेवली आहेत.

निकालाबद्दल. आता एकच तक्ता आहे, पण त्यात ‘कशाने’ नावाचा रकाना आहे: आवाज, स्टिकरची कळ, शब्दाचं बटण. तुलना त्या त्या गटाच्या आतच करायची, विसंगत आणि संगत यांच्यातल्या फरकावर. मोबाइलमधून ‘पान’च्या ओळी काढल्या. कार्डांची फाइल वेळेच्या हिशेबातून पूर्ण बाहेर. मॅडमनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे एकत्र झाल्याच नाहीत?" मी म्हटलं, "झाल्या मॅडम, फक्त बेरीज करायची नाही." त्या हसल्या नाहीत. यंदाच्या प्रॅक्टिकलच्या सूचनापत्रात मात्र सूची जोडायला त्यांनीच सांगितलं.

कार्डांची फाइल परत कपाटात ठेवताना मी तिच्यावर एक कागद लावला: कार्ड पालथं ठेवलं जायचं, ‘सुरू’ म्हणताना घड्याळ चालू व्हायचं, कार्ड उलटण्याचा वेळ आत आहे. मामांनी चष्मा लावून सबंध वाचलं.

"काही मॅडम कार्ड सरळच हातात द्यायच्या," ते म्हणाले. "तेही लिहा."